इटलीहून आलेली मागणी

माहेरी जाण्याचं प्रवासवर्णन कोणी लिहितं का हो? आमच्याकडे माहेरी जायचं म्हणजे बॅग भरायची, जीप धरायची आणि मायच्या हातचं खाऊन चार दिवसांत दोन किलो वाढून परत यायचं. त्यात वर्णन कसलं करायचं? पण या जानेवारीत मी जालना जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेले ती इटलीतल्या माझ्या सासूला सोबत घेऊन. त्या चार दिवसांनी मी अशी थक्क झालेय की परत येऊन तीन आठवडे झाले तरी भात करपवतेय. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी ओळख करून देते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी शीतल. आमचं गाव घनसावंगीपासून आठ किलोमीटर, गोदावरीच्या अंगाला. माझे वडील, म्हणजे अण्णा, अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. आता घरची चार एकर बघतात, थोडा ऊस, थोडा कापूस. मी शेतीचं शिकले आणि पुढच्या शिक्षणाला स्कॉलरशिप मिळवून इटलीत गेले, बोलोन्या शहराजवळ. तिथे मात्तेओ भेटला. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कमी बोलतो, चांगला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथल्या नगरपालिकेत सह्या करून लग्न केलं आणि संध्याकाळी मी घरी फोटो पाठवला.

त्या संध्याकाळपासून अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी दर रविवारी मायला फोन करायचे, माय तो स्पीकरवर टाकायची, आणि लगेच खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायचा. अण्णा उठून गोठ्याकडे गेले, हे मला इटलीत बसून कळायचं. मुलगा परदेशी म्हणून रागावले असतील, किंवा जातीचं काही असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. विचारायची हिंमत नव्हती.

एका रविवारी फोन ठेवून मी रडत बसले होते, ते सासूनं पाहिलं. तिचं नाव लुच्याना. वय अडुसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती, नवरा वारला, एक गुडघा दुखरा. तिकडे सासूला नावानं आणि एकेरीत बोलतात, म्हणून इथेही 'ती' लिहिते. कोणी नावं ठेवू नका. ती म्हणाली, "मी जाते तुझ्या वडिलांकडे." मात्तेओ म्हणाला, मीही येतो. तर त्याला म्हणाली, "तू नको. तुला पाहिलं की त्यांना जावई दिसेल. मला पाहिलं की आई दिसेल." झालं, तिकिटं काढली.

जाण्याआधी थोडं, तिकडच्या मायेच्या बोलीबद्दल

हे सांगितल्याशिवाय लुच्याना तुम्हाला समजायची नाही. इटालियनमध्ये नवऱ्याला, प्रियकराला म्हणायचं असेल तर 'ती आमो'. ते बाकी कुणाला चालत नाही. पण आईला, लेकराला, भावाला, मैत्रिणीला, अगदी जुन्या मास्तरांनासुद्धा म्हणायचं ते 'ती वोल्यो बेने'. शब्दाला शब्द लावला तर, तुझं चांगलं व्हावं अशी माझी इच्छा. आठवण आली तर 'मी मांकी', म्हणजे तू मला कमी पडतोयस, भाजीत मीठ कमी पडावं तसं. शिवाय तेझोरो म्हणजे खजिना, जोया म्हणजे आनंद, स्तेल्ला म्हणजे चांदणी, आणि आमोरे तर उठता-बसता.

मात्तेओ छत्तीस वर्षांचा आहे, आम्ही लुच्यानाच्या खालच्याच मजल्यावर राहतो, तरी फोन ठेवताना ती त्याला 'ती वोल्यो बेने' म्हणाल्याशिवाय ठेवत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून मात्तेओला विचारलं होतं, "आईला काही मोठा आजार निघाला का?" आमच्या घरात असं बोलणं दवाखान्यात सलाइन लागल्याशिवाय कोणी करत नाही. मग हळूहळू कळलं की ही माणसं रोजच असं बोलतात, धडधाकट असताना. मला त्याचं अप्रूपही वाटायचं आणि धाकही.

वाटूर

घरी थेट जायची माझी छाती झाली नाही. म्हणून जालन्याला उतरून आधी वाटूरला कौसामावशीकडे गेलो. ही मायची मोठी बहीण. फाट्याजवळ घर, दारात तुरीच्या शेंगांचा ढीग, आणि तोंड चोवीस तास चालू.

मावशी औक्षणाचं ताट घेऊन आली, तर लुच्यानानं ताटाच्या वरूनच वाकून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "तेझोरो!" मावशीनं ताट सावरलं, पदरानं एक गाल पुसला, मग दुसरा पुसायचा राहूनच गेला आणि ती खो खो हसायला लागली. "आगं बाई! चाळीस वर्सं झाले लग्नाला, आमच्या ह्यांनी बी कधी असं केलं न्हाई!" काका आत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर अजून वर धरला.

जेवायला धपाटे, दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. इटलीत पेस्तो म्हणून हिरवीगार चटणी असते, तुळशीसारख्या पाल्याची, सौम्य. लुच्यानाला वाटलं ही तीच. मी 'थांब' म्हणेपर्यंत अख्खा चमचा तोंडात गेला होता. डोळ्यांतून, नाकातून धारा, मावशी दह्याची वाटी घेऊन पुढे, मी पाणी घेऊन मागे. पाच मिनिटांनी बाईला वाचा फुटली ती काय, तर "किती प्रामाणिक चव आहे!" आणि परत बोटभर घेतला. मावशी आग्रह करायची, लुच्याना पोटावर हात ठेवून नकार द्यायची, आणि या झटापटीत ती मराठीतला पहिला शब्द शिकली, न्हाई.

जेवणं झाल्यावर मी मावशीला विषय काढला. अण्णा का बोलत नसतील? मुलगा गोरा म्हणून? मावशीनं सुपारी कातरता कातरता माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले.

"शीतल, तुझ्या बापाकडं मागनी घालायला कोन आल्तं?"

"कोण येणार? आम्ही तिकडेच..."

"म्हंजे कोनीच न्हाई. गावातल्या गरिबाच्या पोरीला बी मागायला पाच मानसं येत्यात. बाप खुर्चीवर बसतो, इचारतो, आन मंग म्हनतो दिली. तुझ्या बापाला कोनी इचारलंच न्हाई. पोरगी गेली, आन ह्या मानसाला मोबाइलवर फोटू आला. गोरा का काळा, त्याचं त्याला काय बी न्हाई. त्याला बाप म्हनून कोनी धरलंच न्हाई, बाई."

म्हणजे तीन वर्षं मी भलत्याच गोष्टीवर भांडत होते, तेही मनातल्या मनात. मी हे लुच्यानाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, हे काय जुनाट, मुलगी काय वस्तू आहे? ती मात्र हळूच म्हणाली, "माझा नवरा माझ्या वडिलांकडे आला होता. रविवारी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर. डुकराची खारवलेली अख्खी तंगडी खांद्यावर घेऊन. वडिलांनी त्याला तासभर उभं ठेवलं." मावशी विचारायला लागली, काय म्हणती? मी म्हटलं, "मिठाई घेऊन आले होते म्हणते." दुभाष्यानं थोडं इकडचं तिकडं करावंच लागतं.

"मंग उद्या आपन मागायला जाऊ," मावशी म्हणाली. संध्याकाळच्या आत नारळ, सुपाऱ्या, टॉवेल, टोपी, मायला खण, सगळं जमवलं. "मी तशी पोरीकडची. पन उद्याच्याला पोराकडची. ह्या बिचारीचं हितं कोन हाय दुसरं?"

काळी-पिवळीतून

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळी, म्हणजे शेअर जीप, धरली. नऊ माणसांच्या जागेत चौदा. लुच्यानाच्या मांडीवर नारळाची पिशवी, पिशवीवर कुणाचंतरी लेकरू. बाहेर कापसाची वेचणी चालू, उसानं भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत चाललेले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराएवढा ऊस. मी हा रस्ता हजारदा पाहिलाय. पण शेजारी कोणी तोंड उघडं टाकून बघत असलं की आपल्यालाही वर बघावं लागतं. उसाचे तुरे सकाळच्या उन्हात चंदेरी दिसतात, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं.

लुच्याना जीपमधल्या सगळ्यांशी इटालियनमध्ये बोलत होती. पाय आखडला की "माफ कर आमोरे", लेकरू हसलं की "आमोरे मियो". समोर एक म्हातारी बसली होती, चांगली नव्वदीची, डोक्यावर पदर. ती मला म्हणाली, "काय म्हनून राह्यली गं ती घडीघडी?"

म्हटलं, "लाडानं हाक मारतेय, आजी. तुम्हाला बी मारली."

"मला?" म्हातारी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मंग अजून एकदा म्हन म्हनाव."

मी सांगितलं. लुच्यानानं म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि सावकाश म्हटलं. जीपमध्ये कोणी हसलं नाही. मला एकदम भरून आलं, का ते मी तेव्हा शोधत बसले नाही.

गाव

मी लुच्यानाला बजावून ठेवलं होतं. आमच्यात विहीण आणि व्याही एकमेकांशी अदबीनं वागतात. हात जोडायचे. हात लावायचा नाही, मुका तर बिलकुल नाही. ती म्हणाली, समजलं, समजलं, मी काय लहान आहे?

अण्णा दारात उभे होते. मावशीनं फोन करून ठेवला असणार, कारण धोतर कोरं होतं आणि टोपीला कडक इस्त्री. मायनं भाकरतुकडा ओवाळला. अण्णांनी लुच्यानाला हात जोडले. आणि लुच्यानानं ते जोडलेले हात बघितले, त्यांचा चेहरा बघितला, आणि सगळं विसरून त्यांना खांद्याला धरून डाव्या गालावर एक आणि उजव्या गालावर एक! टोपी पडली. गल्लीतली सगळी बाया-माणसं पायऱ्यांवर उभी होती. जो हशा उठला तो थेट पारापर्यंत गेला असेल.

अण्णांनी टोपी उचलली, झटकली, आणि घरामागे निघून गेले. एवढ्या लांबून येऊन दोन मिनिटांत सगळं मातीत घातलं, असं वाटलं. लुच्याना तोंडावर हात ठेवून उभी, "मी काय केलं, मी काय केलं." तेवढ्यात अण्णा मागून आले, हातात बादली आणि तांब्या. मायला म्हणाले, "इहीनबाईला पाय धुवायला पानी द्या. गरम हाय." टोपी थोडी तिरकी होती, ती त्यांनी सरळ केली नाही.

पडवीत खुर्च्या मांडल्या. एकीकडे अण्णा, समोर लुच्याना आणि मावशी, मध्ये नारळ-सुपारीचं ताट. मी लुच्यानाशेजारी बसायला गेले, तर अण्णा मायला म्हणाले, "मागनीच्या वक्ताला पोरगी भाईर न्हाई बसत. तिला आत बसू द्या."

"आवो, मंग ह्यांचं बोलनं सांगनार कोन?" माय म्हणाली.

सगळे विचारात पडले. रीत तर रीत, आणि गावात इटालियन येणारी दुसरी बाई कुठून आणायची? शेवटी मावशीनं तोड काढली. मी स्वयंपाकघरात बसायचं, दाराला साडीचा पडदा, आणि आतून सांगायचं. अशी मी माझ्याच मागणीत पडद्याआड दुभाषी झाले, एका बाजूला गॅसवर चहाचं आधण आणि दुसऱ्या बाजूला माझं नशीब.

लुच्याना उभी राहून बोलली. मी आतून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "मी तुमची मुलगी मागायला आले आहे. फार उशिरा आले. तुमची रीत मला माहीत नव्हती. माझ्या मुलाचं प्रेम तो स्वतः येऊन सांगेल, ते मी सांगू शकत नाही. मी माझं सांगते. मला मुलगी नाही. सकाळी खालून हिचा आवाज आला नाही तर मला चैन पडत नाही." आणि मग ती म्हणाली ते, वोल्यो बेने. आपल्याच बापाला आपल्याच तोंडानं आपल्याबद्दल काय सांगायचं? डोळे मिटले आणि म्हटलं, "म्हणतात, माझा तिच्यावर लई जीव हाय."

बाहेर अण्णा खाकरले. मग त्यांचा आवाज आला, आणि तो माझ्यासाठी होता पण माझ्यासाठी नव्हता. "त्यांना इचारा, पोरगं काय करतं." विचारा! जणू आत तहसीलमधून आलेली कोणी बाई बसली होती. पण त्यांच्याकडून माझ्या दिशेला आलेला तो तीन वर्षांतला पहिला शब्द होता. मी लाटणं घट्ट धरून बसले.

पोरगं काय करतं, शेती किती, पाणी कशाचं. कालवा आहे, पण उन्हाळ्यात पाणी सोडायला त्रास देतात, असं लुच्यानानं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हंजे तिकडं बी तेच," आणि पहिल्यांदा थोडे हसले. मग विचारलं, "पोरगं पितं का?"

लुच्याना आनंदानं म्हणाली, "पितो तर! रोज जेवताना वाइन, घरच्याच द्राक्षांची."

मी आतून घाईघाईनं सांगितलं, "जेवताना घरच्या द्राक्षांचं... सरबत घेतो म्हणतात."

मग अण्णांनी आवाज खाली घेतला. "त्यांना इचारा, पोरगी तिथं रडती का."

मी ते विचारलं. लुच्याना म्हणाली, "हो. दर रविवारी रडते. फोन झाला की. फोनमध्ये तिला खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, तुम्ही उठून गोठ्याकडे जाता. मग ती भांडी घासते, घासलेलीच परत घासते आणि रडते. मला वाटतं या मुलीला वडील कमी पडतायत."

मी म्हटलं, "न्हाई म्हणतात. रडत न्हाई."

पडदा सर्रकन बाजूला झाला. लुच्याना कमरेवर हात ठेवून उभी. "न्हाई? मी हो म्हणाले आणि तू न्हाई म्हणालीस? हा शब्द मला येतो! मी म्हणते तसं सांग. सगळं सांग." आणि पडदा परत लावून जागेवर जाऊन बसली. मी सगळं सांगितलं. खुर्ची, भांडी, रविवार. शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

गॅसवरच्या आधणाला उकळी येऊन ते खाली सांडलं, ते मी तसंच सांडू दिलं.

"सांगा त्यांना," अण्णा म्हणाले. "खुर्ची सरकत व्हती, ते खरं. मी उठून जात व्हतो, ते बी खरं. पन गोठ्यात न्हाई गेलो कधी. खिडकीच्या भाईर उभा राहून ऐकत व्हतो. फोन मोठ्या आवाजात ठेवत जा, असं हिला मीच सांगितल्तं."

"आन वर मला तंबी, पोरीला सांगू नको म्हनून!" माय म्हणाली. ती रडतही होती आणि चिडलेलीही होती.

लुच्यानानं विचारलं, "मग आत बसूनच का नाही ऐकलं?" मी ते सांगितलं. अण्णा मावशीकडे वळले. म्हणाले, "फोडा सुपारी." आमच्याकडे सुपारी फोडली म्हणजे बोलणी पक्की. मावशीनं अडकित्त्यात सुपारी धरली, कट्कन आवाज झाला, आणि अण्णा म्हणाले, "दिली."

मग एक घोट पाणी पिऊन पडद्याकडे न बघता म्हणाले, "आन ते सरबत काय व्हतं, ते बी खरं सांगून टाका."

अंकुशनगर आणि नदी

तुम्हाला वाटेल, झालं, जमलं. मलाही वाटलं होतं. पण सुपारी फुटली तरी माझ्याशी थेट बोलणं काही होईना. चहा दिला तर कपाकडे बघून घ्यायचे. मी समोर आले की टोपी काढून परत घालायचे. राग नव्हता, ते स्पष्ट दिसत होतं. पण लुच्यानाशी मात्र काय बोलायचे! "सांगा त्यांना, सांगा त्यांना." आयुष्यात या माणसानं एवढं बोललेलं मायनंही ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते आम्हाला अंकुशनगरला घेऊन गेले. कारखान्याचा हंगाम जोरात, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लांबच लांब, हवेत मळीचा आंबूस-गोड वास. काट्याकडे बोट करून म्हणाले, "सांगा त्यांना, हितं माझी नोकरी व्हती. पोरगी जालन्याला हॉस्टेलात व्हती तवा दर शनिवारी ड्युटी सुटली का डबा घेऊन जात व्हतो. वॉचमनकडं देऊन वापस येत व्हतो. भेटलो असतो तर ती रडली असती, आन मंग मी तिला घेऊनच आलो असतो."

मी रस्त्यावरच थांबले. तो डबा कुणीतरी ओळखीचा कंडक्टर आणून देतो, असं मला चार वर्षं सांगितलेलं होतं. डब्यात शेंगदाण्याचा लाडू असायचा आणि मी मैत्रिणींना म्हणायचे, अण्णांना माझी काही पडलेली नाही, एकदा भेटायलासुद्धा येत नाहीत. हे सगळं मी लुच्यानाला इटालियनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "अगं वेडे, ते मला कुठे सांगतायत? मी तर नुसती भिंत आहे."

दुपारी शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं खोचायची, तडतडली की काढून तळहातावर चोळायची. अण्णा चटके खात चोळायचे, फुंकर मारून भूस उडवायचे आणि हिरवे मऊ दाणे आधी लुच्यानाच्या ओंजळीत, मग माझ्या. बांधाच्या पलीकडे गोदावरी. पात्र एवढं रुंद की पलीकडची गुरं मुंग्यांएवढी, पाणी संथ, वर बगळ्यांची रांग. लुच्याना गुडघा धरून उठली आणि काठापर्यंत चालत गेली. पाण्याकडे बघून हात हलवला. मग नदीला नमस्कार करावा तसं म्हणाली, "चाओ, आमोरे."

"नदीला बी?" अण्णांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं होतं की हवेत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मान हलवली. ते नदीकडे बघत म्हणाले, "बराबर हाय."

मी एवढी वर्षं समजत होते की आमच्या लोकांना मायेचं बोलताच येत नाही, आणि इटलीतल्या लोकांना ते आईच्या पोटातूनच येतं. त्या बांधावर बसून मला माझीच लाज वाटली.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. लुच्यानानं मायचे मुके घेतले, मावशीचे घेतले, शेजारच्या तीन बायका रांगेत उभ्या होत्या त्यांचेही घेतले. अण्णांपुढे मात्र उभी राहिली ती पदर नसलेल्या डोक्यावर स्कार्फ ओढून, दोन्ही हात नीट जोडून. अण्णांनी हात जोडले. दोघांचे डोळे भरलेले होते.

"सांगा त्यांना," अण्णा म्हणाले, "पोराला घेऊन या म्हनाव. हुरड्याला."

मी सांगितलं. लुच्याना मला म्हणाली, "त्यांना सांग, येईन. आणि सांग की माझं बोलणं संपलं. आता राहिलंय ते तुझं आहे." आणि माझी वाट न बघता जाऊन जीपमध्ये बसली आणि खिडकीतून मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली.

माय डबा बांधायला आत गेलेली. मावशी जीपवाल्याशी जागेवरून भांडत होती. अंगणात आम्ही दोघंच. अण्णा म्हणाले, "त्यांना सांगा..." आणि शेजारी बघितलं, तर तिथे कोणी नव्हतं.

"त्या गाडीत बसल्या, अण्णा," मी म्हटलं. "इथं मीच आहे."

त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली. जीपवाल्यानं हॉर्न दिला. मला वाटलं, आता उठून जातील, खुर्ची नसली तरी. पण ते माझ्याकडे बघून बोलले. तीन वर्षांनी.

"दर रव्वारी तू फोन करती. मायला मागती. मायशी बोलून ठिवती. मी खिडकीत उभा राहून वाट पाह्यची, आज म्हनंल, आज म्हनंल, का अण्णाला द्या. मागितल्याबिगर कसा येऊ? आपलं आपन फोन हातातून घेऊन काय बोलू?"

खरं होतं ते. अण्णा बोलत नाहीत, अण्णा बोलत नाहीत, असं मी अर्ध्या इटलीला सांगून रडले होते. पण 'अण्णाला दे' असं मायला एकदाही म्हटलं नव्हतं, एकदाही. नको म्हणाले तर काय, या भीतीनं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, उठले, नाक पुसलं, आणि लुच्याना बोलते तसं, समोर उभं राहून, डोळ्यांत बघून बोलले.

"अण्णा, मला तुम्ही पाहिजेत. माझा तुमच्यावर लई जीव आहे. दर रविवारी मला तुमच्याशी बोलायचंय."

जीपवाल्यानं परत हॉर्न दिला. अण्णांनी टोपी डोक्यावर घातली, माझ्या पाठीवर एक धपाटा दिला, चांगला जोरात, आणि म्हणाले, "मंग इतकं म्हनायला तीन वर्सं काय झाल्तं गं तुला?"